चाक मिळालं, पटाशी संपली

मी फार शिकलेला नाही. आठवीतच शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शब्दही साधेच आहेत, घरात बोलतो तसले. गोष्ट मात्र चांगली आहे. ती माझी नाही, आईने सांगितलेली आहे, म्हणून तिला चांगली म्हणायला संकोच वाटत नाही.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात सुतार पुष्कळ होते, पण कातारी एकच. त्याचं नाव अंतोबा. लाकूड लेथवर गरगर फिरवायचं आणि त्याला हत्यार लावून गोल करायचं, हे कातारी माणसाचं काम. लाटणी, भोवरे, खाटेचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, सगळं अंतोबा करी. लेथ घराच्या मागच्या पडवीत होता, शिवणयंत्रासारखा पायाने चालवायचा. तो वडिलांच्या वेळचा. हत्यार म्हणून वडिलांचीच एक गोल पटाशी होती, सुतारांकडे नसते तसली. पन्हळीसारखी वाकलेली, वीतभर लांब, बाभळीच्या मुठीची. वडिलांनी त्या पटाशीवर जन्मभर घर चालवलं, आणि एवढ्या वर्षांत ती जेमतेम बोटभर झिजली होती.

अंतोबा मनाने चांगला. हातही चांगला. एकच खोड होती. कुठलीही वस्तू घ्यायची म्हणजे तो चौकशी करी. छत्री घ्यायला उन्हाळ्यात निघे आणि पाऊस उघडल्यावर छत्री घेऊन घरी येई. त्याची बायको गोदाक्का म्हणे, "यांना तहान लागली तर हे आधी गावातल्या सगळ्या विहिरींची चव बघतील."

त्यांची मुलगी कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी आणि पहिला पाळणा आजोळचा, ही रीतच आहे. कुसुमच्या सासरी कुणीतरी म्हणालं होतं, की हल्ली लोखंडी पाळणे छान मिळतात. कुसुम पटकन बोलून गेली, "माझे आबा कातीव पाळणा करतात. बारशाला बघालच."

सासूबाईंनी ते लक्षात ठेवलं. डोहाळजेवणाला आल्या तेव्हा त्या मागच्या पडवीत डोकावल्या. लेथकडे बघितलं, कोपऱ्यातल्या सागवानाकडे बघितलं.

"इथेच होणार वाटतं तो पाळणा?" त्या म्हणाल्या. "होऊ दे. नाहीच झाला तर आमच्या शेजारणीचा लोखंडी आहे. टेम्पोत घालून आणता येईल. मनाला लावून घेऊ नका हो."

मनाला लावून घेऊ नका म्हटलं की माणूस लावून घेतोच. कुसुमचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून पाळणा हा नुसता पाळणा राहिला नाही. तो कुसुमचा शब्द झाला.

पण त्या गावची आणखी एक रीत होती. मूल जन्मल्याशिवाय पाळण्याला हात लावायचा नाही. लाकूड आणून ठेवावं, पण लेथवर चढवू नये. म्हणून अंतोबा थांबला होता. थांबलेल्या माणसाला काहीतरी करायला लागतं. तेवढ्यात वडिलांचा धारेचा दगड हातातून सुटला, पायरीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"अर्ध्यावर लावा धार," गोदाक्का म्हणाली. "पटाशीला काय कळतंय दगड अख्खा आहे की अर्धा?"

"नाही," अंतोबा म्हणाला. "आता आपण धारेचं यंत्र घेऊ. घरात वीज आहे, बाजारात यंत्रं आहेत. पण घ्यायचं तर चौकशी करून."

गोदाक्काने कपाळाला हात लावला.

अंतोबाने चौकशी सुरू केली. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, चाक मोठं घ्या. न्हावी म्हणाला, चाक नकोच, चामडं घ्या. एकाने सांगितलं, पांढरं चाक घ्या. दुसऱ्याने शपथेवर सांगितलं, हिरवं घ्या. तिसऱ्याने अर्धा तास सल्ला दिला आणि शेवटी विचारलं, "पण पटाशी म्हणजे काय हो?" अंतोबाने सगळ्यांचं ऐकलं. सगळ्यांचं पटलं. त्यामुळे निवड काही होईना.

तोवर त्याने यंत्रासाठी पडवीत ओटा बांधला. ओट्याच्या वर खुंटी ठोकली. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून गोदाक्काच्या जुन्या लुगड्याचा अभ्रा शिवून घेतला.

"बाळ यायच्या आधी झबलं शिवू नये म्हणतात," गोदाक्का म्हणाली. "यंत्राला चालतं वाटतं."

मग बाळ आलं. मुलगी झाली. नाक आजीचं, कपाळ आजोबांचं, आणि रडणं कुणाचं ते दोघंही दुसऱ्याचं म्हणत होते. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. सासरी निरोप गेला. आता लाकूड लेथवर चढवायला हरकत नव्हती.

पण अंतोबा म्हणाला, "आधी धार. धार झाली की लाकूड काय, लोणी."

तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं मोठं दुकान होतं. दुकानदार अंतोबाला ओळखत होता. तो म्हणाला, "एकेक यंत्र घरी नेऊन बघा. पसंत पडलं तर ठेवा, नाहीतर परत पाठवा." अंतोबाला एवढं ऐकल्यावर आनंदाने घाम फुटला. परत पाठवायची सोय असणं, हे त्याच्यासारख्या माणसाला फार वाईट.

यंत्रं ने-आण करायचं काम पोपटकडे आलं. पोपट दुधाच्या टेम्पोवर होता. सकाळी दूध घेऊन तालुक्याला जाई, येताना टेम्पो रिकामा असे. पहिलं यंत्र उतरवताना तो दारातूनच ओरडला, "अंतोबा, मुलगी दाखवायला आणलीय! चहा-पोहे टाका."

गोदाक्काने खरंच पोहे केले. पोपटला पोहे आवडत.

पहिलं यंत्र दोन चाकांचं होतं. बटण दाबल्याबरोबर खर्रर्र करून असं सुटलं, की ओट्यावरची हळद-कुंकवाची वाटी आपोआप सरकत खाली पडली. अंतोबाने वडिलांची पटाशी चाकाला लावली. ठिणग्या उडाल्या. फार छान दिसलं. आतल्या खोलीत बाळ दचकून रडायला लागलं. अंतोबाने पटाशी उचलून बघितली, तर टोक निळं पडलं होतं.

पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं. मग धार टिकत नाही. निळा भाग घासून काढावा लागतो. अंतोबा निळा भाग काढायला गेला, तर त्याच्या मागचा भाग निळा पडला. तो काढायला गेला, तर त्याच्या मागचा. जेवणाची वेळ झाली तेव्हा कुठे धार जमली.

धार बघायची त्याची एक पद्धत होती. पटाशी मनगटावर हलकेच फिरवायची. केस निघाले तर धार चांगली. केस निघाले. डाव्या मनगटावर एक गुळगुळीत चौकोन तयार झाला.

"कशी वाटली मुलगी?" पोपटने विचारलं.

"कामाला जलद आहे," अंतोबा म्हणाला, "पण डोक्याने गरम."

यंत्र परत गेलं. दुसरं आलं. ते गरम होत नव्हतं, पण अंगात आल्यासारखं थरथरत होतं. त्याच्यावर लावलेल्या धारेला करवतीसारखे दाते आले. ते दाते काढायला अंतोबाने ती धार पूर्ण घासून टाकली आणि नवी लावली. मग त्याला गिरणीवाल्याचं आणखी एक म्हणणं आठवलं, की धारेला उतार जास्त पाहिजे. त्याने उतार जास्त केला. मग न्हाव्याचं आठवलं, की उतार कमी पाहिजे. त्याने तो कमी केला. दरवेळी मनगटावर फिरवून बघितलं. चौकोन कोपरापर्यंत गेला.

गोदाक्का दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातात अळिवाच्या लाडवांचं ताट होतं.

"मला बघायला आला होतात तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती," ती म्हणाली.

"तेव्हा परत करायची सोय नव्हती," अंतोबा म्हणाला.

"मलाही नव्हती," गोदाक्का म्हणाली आणि आत गेली.

बाळंतिणीची खोली पडवीला लागूनच होती. मध्ये एक भिंत. कुसुम लहानपणापासून त्या भिंतीपलीकडचे आवाज ऐकत मोठी झाली होती. लेथवर साग चढला की सर्र सर्र असा आवाज येई. बाभूळ चढली की किर्र येई. आवाजावरून ती सांगे, आज लाटणी होतायत की भोवरे.

"आबा," तिने भिंतीपलीकडून हाक मारली, "पाळणा सुरू झाला?"

"होतोय गं बाई. धार लावतोय."

"कालपण धारच होती ना?"

"काल वेगळी होती."

कुसुमने भिंतीला कान लावला. मग म्हणाली, "आबा, लाकडाचा आवाज येत नाही. नुसता लोखंडाचाच येतो."

अंतोबाने ऐकलं, पण तेवढ्यात पोपट तिसरं यंत्र घेऊन आला होता.

तिसरं यंत्र हाताने फिरवायचं होतं. दांडा धरून एकाने फिरवायचं, दुसऱ्याने पटाशी धरायची. गोदाक्काला वेळ नव्हता, म्हणून दांड्यावर पोपट बसला. पोपटचा हात आणि तोंड एकदमच चालत. त्याच्या मेव्हण्याची म्हैस विहिरीत पडली होती, ती हकीकत तो सांगत होता. म्हैस विहिरीत पडली तेव्हा त्याने दांडा एकदम जोरात फिरवला. म्हैस वर काढली तेव्हा थांबवला. पटाशीची धार एका बाजूला म्हशीच्या शिंगासारखी वाकडी झाली. ती सरळ करता करता संध्याकाळ झाली.

आता अंतोबाच्या डाव्या हातावर केस राहिले नव्हते. उजव्यावरचेही संपत आले होते. तो पोपटच्या हाताकडे बघू लागला.

"जरा इकडे कर."

पोपटने बिचाऱ्याने हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आला. "बायको विचारते," तो म्हणाला, "दूध पोचवायला जाता का मुंज करून घ्यायला?"

पण त्या दिवशी त्याने जे यंत्र आणलं होतं ते खरंच गुणाचं होतं. मोठं करडं चाक, खाली पाण्याची कुंडी. चाक हळूहळू फिरे आणि पाण्यात भिजून वर येई. ठिणगी नाही, थरथर नाही, आवाज म्हणजे मांजर घुरघुरतं तेवढाच. बाळसुद्धा जागं झालं नाही. अंतोबाने आधीच्या सगळ्या धारांचे राहिलेले दोष शांतपणे घासून काढले. कुंडीतलं पाणी काळं झालं. शेवटी त्याने पटाशी वर उचलली. धार अशी चकाकत होती की तिच्यात पोपटचा सदरा दिसला.

"हेच!" अंतोबा ओरडला. "गोदा, हेच! ठरलं!"

सगळ्या घराने सुटकेचा श्वास टाकला. अंतोबाने यंत्राला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूची माळ घातली. खोबरं वाटलं. पोपटने आपल्या वाट्याचं खोबरं खाऊन गोदाक्काच्या वाट्याचंही खाल्लं. बारसं परवावर आलं होतं.

मग अंतोबाने कोपऱ्यातलं सागवान उचललं. पाळण्याची पहिली दांडी लेथवर चढवली. पाय मारला. लाकूड गरगर फिरायला लागलं. त्याने देवाचं नाव घेतलं, वडिलांचं नाव घेतलं आणि पटाशी लाकडासमोरच्या टेकूवर ठेवून पुढे सरकवली.

पटाशी पुढे सरकलीच नाही. टेकू होता, मूठ होती. मध्ये पटाशी म्हणून जे उरलं होतं, ते अंगठ्याच्या नखाएवढं होतं. ते लाकडापर्यंत पोचायच्या आधी मूठच टेकूला अडत होती.

अंतोबाने पाय थांबवला. लाकूड फिरायचं थांबलं. पोपट खोबरं चावायचा थांबला.

वडिलांनी जन्मभर काम करून बोटभर झिजवलेली पटाशी अंतोबाने नुसती पारख करून संपवली होती. आणि पडवीत लाकडाची एक ढलपीसुद्धा पडली नव्हती.

"आबा," भिंतीपलीकडून कुसुम म्हणाली, "आता तर कसलाच आवाज नाही."

अंतोबा उठून खोलीच्या दाराशी गेला. हातातली मूठ त्याने पाठीमागे धरली होती, पण सांगणं तर भागच होतं.

"कुसुम, पटाशी संपली."

"संपली म्हणजे?"

"संपली."

"पटाशी कशी संपेल आबा? तो काय साबण आहे?"

अंतोबाने मूठ पुढे करून दाखवली. कुसुमने ती बघितली. पहिल्यांदा तिला हसू आलं. मग तिने बाळाकडे बघितलं आणि ते हसू गेलं. बाळ जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपलं होतं.

"जाऊ दे आबा," ती हळूच म्हणाली. "पोपटदादाला सांगा, तो लोखंडी पाळणा घेऊन ये म्हणावं. सासूबाई म्हणाल्याच होत्या."

ती चिडली असती तर अंतोबाला बरं वाटलं असतं. तो पडवीत येऊन लेथपाशी मटकन खाली बसला. समोर माळ घातलेलं यंत्र होतं. इतकं चांगलं यंत्र त्या पंचक्रोशीत नव्हतं. त्याच्यावर लावायला मात्र घरात हत्यार नव्हतं.

तेवढ्यात गोदाक्का स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात एक पटाशी होती. पुष्कळ वर्षांपूर्वी टवका उडाला म्हणून अंतोबाने ती टाकून दिली होती. तेव्हापासून गोदाक्का तिने गूळ फोडत असे. पटाशीला या टोकापासून त्या टोकापर्यंत गूळ लागला होता आणि गुळाला मुंग्या.

"ही घ्या," ती म्हणाली. "लाडवांचं झालंय माझं."

अंतोबाचे डोळे उजळले. त्याने पटाशी घेतली आणि सवयीने यंत्राकडे वळला. गोदाक्का आडवी झाली.

"तिकडे नाही. तिकडे गेलेलं परत येत नाही."

"अगं, पण टवका उडालाय. धार कशावर लावू?"

गोदाक्का आत गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. काळा, गुळगुळीत, दोन्ही टोकांना गोल झालेला. लग्नापासून तो तिच्या हाताखाली फिरत होता. अंतोबाने तो हातात घेतला. उजेडात धरला. बोटाने चाचपला.

"दगड बरा दिसतो," तो म्हणाला. "पण याचा दाणा बारीक आहे का मध्यम, ते एकदा कुणाला तरी विचारून..."

लग्न झाल्यापासून गोदाक्काने नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

"अंतोबा," ती म्हणाली, "धार लावा."

पोपटने टेम्पोची किल्ली उचलली आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेला.

अंतोबाने धार लावली. बाहेरच्या बाजूने वरवंट्याच्या अंगावर, आतल्या बाजूने वरवंट्याच्या गोल टोकाने. ते टोक पटाशीच्या पन्हळीत असं बसलं, जसं काही मापाने घडवलं होतं. धार फार चांगली झाली नाही. टवका अर्धाच निघाला. अंतोबाने मनगटाकडे बघितलं. केस नव्हते, त्यामुळे बघायचं कुठे हा प्रश्नच आला नाही. त्याने पाय मारला आणि पटाशी लाकडाला लावली.

सर्र.

पहिली ढलपी निघाली. जाड होती, वेडीवाकडी होती, पण निघाली. मग दुसरी. पटाशी बोथट झाली की अंतोबा ती वरवंट्यावर चार वेळा ओढी आणि परत लावी. सागवानाचा वास घरभर पसरला. गुळाच्या मुंग्या लेथवर आल्या, गोंधळल्या आणि निघून गेल्या.

भिंतीपलीकडे बाळ जागं झालं होतं. त्या आवाजाने ते रडलं नाही. टकटक बघत राहिलं. कुसुमने त्याला भिंतीजवळ धरलं.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "तो तुझा पाळणा बोलतोय."

बारशाच्या सकाळी शेवटची दांडी बसली. अंतोबाने दोऱ्या बांधल्या, पाळणा आढ्याला लावला, एकदा झोका दिला आणि आंघोळीला पळाला.

सासरची माणसं आली. सासूबाई चपला काढून सरळ पाळण्याकडे गेल्या. चहासुद्धा घेतला नाही. त्यांनी एकेका दांडीवरून हात फिरवला. कुसुम त्या हाताकडे बघत होती. एका दांडीवर सासूबाईंचा हात थांबला.

"ही जरा जाड आहे हो."

"ती पहिली," अंतोबा म्हणाला. "तेव्हा हाताला सवय नव्हती."

सासूबाईंनी पाळण्याला झोका दिला. पाळणा न कुरकुरता गेला आणि न कुरकुरता आला. त्यांनी परत दिला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा त्यांना कुणी बघत नाही असं वाटत होतं.

"लोखंडी पाळणे फार कुरकुरतात," त्या कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाल्या. "आमच्या शेजारणीचा तर रात्रभर." आणि कुसुमकडे वळून, "तू म्हणाली होतीस तसाच आहे गं."

 कुसुमने अंतोबाकडे बघितलं. अंतोबा तिच्याकडे बघायचं सोडून जाड दांडीकडे बघत होता.

मग बायका पाळण्याभोवती जमल्या. बारशात बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालतात, बाळ समजून पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात, मग खऱ्या बाळाला पाळण्यात निजवतात. गोदाक्काने घाईघाईत वरवंट्याला कुंची घालून तो पुढे केला. या हातातून त्या हातात करत वरवंटा सासूबाईंच्या हातात आला. त्यांनी कुंची जरा सारून बघितली.

गोदाक्काला तेव्हा आठवलं. गडबडीत वरवंटा धुवायचा राहिला होता. त्याच्या गोल टोकावर, बरोबर कपाळ असावं तिथे, पोलादाचा काळा डाग होता.

सासूबाईंनी डागाकडे बघितलं. मग पाळण्याकडे बघितलं. मग अंतोबाच्या गुळगुळीत हातांकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं की काहीच कळलं नाही, हे कुणालाच कळलं नाही.

"बाई बाई," त्या म्हणाल्या, "या बाळाला तर तीट लावूनच आणलंय!"

बायका इतक्या हसल्या की पुढचं गाणं काही वेळ सुरूच झालं नाही. शेवटी गाणं झालं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. खरं बाळ पाळण्यात गेलं आणि दोन झोक्यांत झोपलं.

बाहेर ओसरीवर व्याही अंतोबाच्या शेजारी बसले होते. त्यांनी माळ घातलेलं यंत्र बघितलं होतं. "फार छान यंत्र आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. "धार कशी लागते?" असं म्हणून त्यांनी बाह्या वर केल्या. त्यांचे हात अस्वलासारखे केसाळ होते.

अंतोबाने त्या हातांकडे एकदा बघितलं. मोह फार झाला. पण आतून गोदाक्का खाकरली.

"बरी लागते," अंतोबा म्हणाला आणि घुगऱ्यांचा द्रोण पुढे केला.

यंत्र त्याने ठेवलं. ते चांगलंच होतं, त्याचा काही दोष नव्हता. फक्त त्याचा प्लग काढून गोदाक्का गुळाच्या डब्यात ठेवी. धार लावायची असली की अंतोबाने आधी तिला ढलप्या दाखवायच्या, मग प्लग मिळे.

तात्पर्य: धार लाकडासाठी लावायची असते, धारेसाठी नव्हे; जो साधनाची पारख करण्यातच सगळं हत्यार झिजवतो, त्याच्या हातात शेवटी नुसती मूठ उरते.

गोष्ट इथे संपली. आमच्या घरीही एक लहान लेथ आहे, आणि धारेचं यंत्र कोणतं घ्यावं ते माझंही ठरत नव्हतं. गोष्ट लिहून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईकडे गेलो आणि वरवंटा मागितला.

आईने माझ्याकडे बघितलं. कशाला, असं तिने विचारलं नाही.

"थांब," ती म्हणाली, "आधी चटणी वाटू दे."

मी थांबलो. चटणी झाली, वरवंटा धुतला, आणि धार लावली.